दाताखालचा दाणा

आमच्या घरचे धान गिरणीत कधी न्यायचे, हे बाबा ठरवत नसत. ते माझ्या आत्याचे दात ठरवत. खळ्यावर पसरलेल्या धानाच्या कडेकडेने ती अनवाणी चालत जाई, वाकून मूठभर दाणे उचली, त्यांतला एक निवडून समोरच्या दातांमध्ये धरी आणि डोळे मिटी. मग एक आवाज होई. तो इतका बारीक असे, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तो ऐकू येत नसे. त्याची खूण फक्त तिच्या भुवयांमध्ये दिसे. दाणा ओला असला तर दाताखाली मेणासारखा दबे. फार वाळलेला असला तर चुरा होऊन जिभेवर सांडे. आणि नेमका झालेला असला, तर ‘कट्’ असा एकच कोरडा, पूर्ण आवाज येई आणि त्याचे दोन सरळ तुकडे पडत. ओले धान गिरणीत पिचते, अति वाळलेल्याची नुसती कणी होते. आमच्या ताटातला वर्षभराचा अखंड भात त्या एका आवाजातून येई.

“न्या उद्या,” ती डोळे उघडून म्हणे, आणि बाबा गाडीवानाला सांगावा धाडत.

आत्या बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात तिच्या नवऱ्याने दुसरा संसार मांडला, आणि ती आपली पत्र्याची पेटी घेऊन माहेरी परतली. मला आठवते तशी ती कधी रडवेली नव्हती. ताठ चाले, मोकळे बोले, सुपातून दाणे पाखडताना तिच्या बांगड्यांना एक ठेका असे. घरात तिला कोणी उणे बोलत नसे. तरीही आमच्या घरातली चूल आईची होती, शेत बाबांचे होते, पुस्तके माझी होती; आत्याच्या नावावर होता तो केवळ दाताखालचा तो दाणा.

ज्या दातांवर हा सारा विश्वास होता, ते मात्र भिजलेल्या मोहफुलांसारखे तपकिरी होते. गुडाखूमुळे. तंबाखू आणि गूळ यांचे ते काळसर लुकण एका चपट्या डबीत येई, आणि आमच्याकडच्या कितीतरी बायका सकाळी ते बोटाने दातांना चोळत बसत. आत्याची डबी कमरेला खोचलेली असे. तिच्याजवळ गेले की त्या डबीचा गोडसर, करपट, ओला वास येई. मला तो वास आवडे, कारण तो तिचा होता.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी भंडाऱ्याकडच्या अड्याळच्या शाळेत वरच्या वर्गात शिकत होते. आमचे गाव अड्याळपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, एका मोठ्या बोडीच्या काठी वसलेले. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारे तळे. तिच्यावरून येणारा वारा हिवाळ्यात अंगणापर्यंत पोचे. त्या वर्षी पावसाळा सरता सरता गावात बातमी आली की बालवाडी सुरू होणार, आणि तिच्यासाठी गावातलीच, सातवी झालेली बाई सेविका म्हणून घेणार.

बालवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविका बाई गावात आल्या तेव्हा शाळेच्या ओसरीत बायका जमल्या होत्या. सुती फिकट साडी, खांद्याला कापडी पिशवी, आवाज मऊ पण नेमका. सातवी झालेल्या दोघीच निघाल्या: माझी आत्या आणि पोलीस पाटलांची सून. सून पवनीकडची, शिकलेल्या घरातली. तिचे दात मुरमुऱ्यांसारखे पांढरे.

“बालवाडीत आधी गाणं नसतं, आधी स्वच्छता असते,” बाई म्हणाल्या. “नखं, केस, दात. मुलं सांगितलेलं करत नाहीत, बघितलेलं करतात.” आणि त्यांची नजर आत्याच्या तोंडाशी थांबली. “तुम्ही गुडाखू लावता?”

“लावतो,” आत्या म्हणाली. आमच्याकडे बायकाही ‘लावतो’च म्हणतात.

“मग मुलांना काय सांगाल?”

आत्याचा हात पदराकडे गेला आणि पदर ओठांवर आला. बाईंना ते दिसले असावे, त्या मऊपणे म्हणाल्या, “घाई नाही. धान निघाल्यावर मी परत येईन. तुम्ही दोघींनी मुलांना घेऊन एकेक पाठ द्यायचा, दात घासण्याचा. अगदी चूळ भरण्यापर्यंत. मग ठरवू.”

घरी परतताना ती बोडीच्या पाळीवरून, म्हणजे तिच्या बांधावरून, माझ्या पुढे चालत होती. पाण्यावर कमळाची पाने वाऱ्याने उलटत होती.

“तुले कायले पायजे गं ते?” मी विचारले. “घरी काय कमी आहे?”

“दादाच्या घरी मी उपाशी नाही,” ती मागे न वळता म्हणाली. “पन बाजारात कोनी इचारलं ना, का तू काय करतं वो, त मी सांगतो, फलान्याची बहीन होय. थे मी नाही करत, माय. थे देवानं केलं.” मग जरा थांबून म्हणाली, “मले माहं काही पायजे. सांगाले.”

त्या संध्याकाळी शेजारची काकू अंगणात येताच आत्याने कमरेची डबी काढून तिच्या हातावर ठेवली.

“घे. तुले लागते ना.”

“अना उद्या मांगाले आली त?”

“त देऊ नोको.”

“मी त देईन बाप्पा. मले तुह्या जिवाचे हाल नाही पाहवत.”

पुढचे काही दिवस घरातल्या भांड्यांनी भोगले. आत्याचे डोके दुखे, जांभया येत, चुलीला ती शिव्या देई. आई तिच्या वाटेतून बाजूला होत राहिली. मग हळूहळू तो वास तिच्या अंगावरून निघून गेला, आणि काही काळ मला ती कोणी पाहुणी वाटली. पण दात तसेच राहिले. वर्षानुवर्षांचा रंग कडुलिंबाच्या काडीला दाद देईना.

माझी आई भंडाऱ्याची, पितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या आळीतली. तिच्या माहेरी दिवसभर ठोक्यांचा आवाज चाले आणि भिंतींनाही धातूचा वास येई. दिवाळीच्या आधी ती आमच्या घरातले प्रत्येक भांडे अंगणात काढी. चिंचेचा कोळ फासायचा, जरा मुरू द्यायचा, मग धानाच्या तुसाची चाळलेली राख घेऊन घासायचे. काळवंडलेले गुंड, म्हणजे आमचे पाण्याचे मोठे पितळी भांडे, पाहता पाहता सूर्यफुलासारखे उमले. त्या वर्षी आई असेच गुंड घासत होती आणि आत्या त्यावर पाणी ओतत होती. गुंडाच्या धुतलेल्या पोटावर आत्याचा चेहरा उमटला, आणि त्या पिवळ्या झगमगाटात तिचे तपकिरी दात.

ती बराच वेळ त्यात पाहत राहिली.

“वयनी,” ती म्हणाली, “पितळ चमकते, त दात काहून नाही चमकनार?”

आई खळखळून हसली. “दात का पितळ होय, बाई?” मग स्वतःच्याच आळीचा अभिमान तिला आवरेना. “पन आमच्या राखेनं काय नाही चमकत म्हना!”

तेवढे पुरले. दुसऱ्या सकाळपासून घरामागच्या कडुलिंबाखाली आत्याचा नवा नेम सुरू झाला. मी आरसा धरून उभी राही. ती चिंचेचा कोळ दातांवर थापून ओठ मिटून बसे. तिच्या गालांचे आत ओढले जाणे पाहून माझ्याही जिभेखाली पाणी सुटे. मग ओल्या फडक्यावर राख घेऊन घासणे. खसखस, खसखस. हिरड्यांतून कधी लालसर रेघ येई, राखेचा करडा फेस मातीत पडे. तुसाची राख हाताला मऊ लागते. चिमटीत चोळली की मात्र तिच्यात बारीक काच असल्यासारखी करकर जाणवते. तेव्हा मला ती करकर केवळ नाद म्हणून आवडली होती.

पांढरेपण एकेका दाताच्या कडेने आले. आधी सुळ्यांवर, मग मधल्या दोघांवर. “माही जीभ घसरून राहिली पोरी,” ती एके सकाळी आश्चर्याने म्हणाली, “काचेवरून घसरल्यावानी.” भारी, म्हणजे उशिरा पिकणारे, धान कापणीला आले तोवर तिच्या तोंडात लाह्या फुलल्या होत्या.

“बाई, आता आरसा नोको मले,” आई तिला म्हणाली. “तुमच्या दातात पाहूनच कुकू लावतो.”

शेजारची काकू तर डोळ्यांवर हाताचा आडोसा धरूनच अंगणात शिरे. “जरा वाकून हास वो, डोळे दिपते माह्ये.”

आत्या वाकली नाही. ती डोके मागे टाकून हसे, आणि पदर खांद्यावर जिथे होता तिथेच राही. ते हसणे मला आजही आठवते. सोप्या, उघड्या उन्हासारखे.

मग एका सकाळी विहिरीचे पाणी तिने तांब्याने घटाघट प्यायला घेतले आणि पहिल्याच घोटाला थांबली. पाणी हनुवटीवरून चोळीवर ओघळले. जबड्यावर तळहात दाबून ती उभी राहिली.

“काय झालं?” मी विचारले.

“काही नाही. पानी बोचलं.”

त्यानंतर एकेक चव तिच्यावर उलटत गेली. अंबाडीची आंबट भाजी, झाडावरून नुकतेच काढलेले पेरू, गुळाचा खडा. तिच्या त्या वेदनेला दुखणे म्हणवत नाही. ती प्रकाशाच्या जातीची होती. क्षणात येई, सगळीकडे पसरे, निघून जाई, आणि ती गेल्यावरही आत्या डोळे मिटून उभी असे. बोडीवरचा वारा सुटला की ती ओठ न उघडता बोलू लागे. एवढे पांढरे दात, आणि तिला पुन्हा तोंड झाकून चालावे लागत होते. फक्त कारण बदलले होते.

शेजारची काकू एका दुपारी आली, इकडेतिकडे पाहून तिने कमरेची डबी काढली आणि झाकण उघडले. तो जुना गोडसर, करपट वास अंगणभर झाला.

“एक बोट लाव. ठनका जाते. मले मालूम आहे.”

तेही खरेच होते. त्या लुकणाने जबडा बधिर होतो. आत्याने डबी हातात घेतली. नाकाजवळ नेली. तिच्या नाकपुड्या फुललेल्या मला दिसल्या. धान निघत आले होते, बाई केव्हाही येणार होत्या, आणि एक बोट लावले तर दुसरेही लावले जाणार, हे तिथे बसलेल्या आम्हा तिघींना ठाऊक होते. तिने झाकण लावले, अंगठ्याने घट्ट दाबले.

“ठेव तुह्याचजवळ,” ती म्हणाली.

पण खळ्यावर धान पसरले होते. बाबा कडेला उभे राहून म्हणाले, “पाह्य बरं बाई. नेऊ का उद्या?”

ती नेहमीसारखी वाकली, दाणा निवडला, दातांत धरला. डोळे मिटण्याआधीच तिचा हात तोंडावर गेला आणि दाणा तसाच, अखंड, मातीत पडला. तिने दुसरा घेतला. तो दाढेखाली नेऊन पाहिला. तिथेही तीच वीज. ती म्हणाली, “थांब दोन रोज.” तिच्या आवाजात दाण्याचे काही नव्हते, केवळ अंदाज होता. बाबांनाही ते कळले. दोन दिवसांनी पुन्हा तसेच झाले तेव्हा त्यांनी पडलेला दाणा उचलून ढिगात टाकला.

“राहू दे,” ते म्हणाले. “मीच नेतो अंदाजानं.”

त्यांनी ते प्रेमानेच म्हटले होते. आत्या मात्र त्या ‘राहू दे’पाशी खिळून राहिली. एक काम मिळवायला निघालेल्या बाईच्या हातून, ते मिळण्याआधीच, तिचे एकुलते एक काम गळून पडले होते. त्याच दिवशी विहिरीवर पाटलांच्या सुनेने गोड आवाजात विचारले, “आत्याबाई, चूळ भरून दाखवा लागन म्हने. इहिरीच्या पान्यानं. जमन ना?”

“काहून नाही जमनार?”

“नाही, थंडी लय आहे ना. म्हनून म्हटलं. मी येतो पाहाले.”

“ये ना. पुढं बसजो.”

त्या रात्री ती जेवली नाही, असे काही घडले नाही. ती जेवली, कोमट पाणी प्यायली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी उन्हे कलताना तिने मला हाताला धरून खळ्यावर नेले. एक दाणा उचलून माझ्या समोर धरला.

“आ कर.”

“मले काय समजते त्यातलं?”

“तुले नाही समजलं तरी चालते. तू चाव. मी आयकतो.”

आणि तिने आपला कान माझ्या गालाला लावला.

तिचा कान उन्हाने तापलेला होता. केसांना खोबरेल तेलाचा वास, त्याखाली चिंचेचा, राखेचा. मी दाणा दातांत धरला. ती श्वास रोखून होती, मीही रोखला. चावले, आणि माझ्या कवटीच्या आत एक मऊ, ओलसर आवाज झाला.

“कच्चा आहे,” ती गालाशीच पुटपुटली. “दुसरा घे. तिकडच्या कोपऱ्यातला.”

आम्ही खळ्याच्या कडेकडेने फिरलो. दर काही पावलांवर ती वाके, दाणा देई, कान लावी. सावलीकडचे धान ओले होते, मधले जवळजवळ झालेले. दूरवरून कोणी पाहिले असते तर त्याला वाटले असते, एक बाई आपल्या भाचीच्या कानात काही गुपित सांगते आहे. प्रत्यक्षात ती माझ्या तोंडातून ऐकत होती.

“तुले कसा आयकू येते?” तिने मध्येच विचारले.

“मोठा. डोक्यात वाजल्यावानी.”

“कान बंद करून चाव बरं.”

मी दोन्ही कानांत बोटे घातली आणि चावले. दाणा असा कडाडला, की मी दचकून बोटे काढली आणि हसत सुटले. बाहेर सगळे जग गप्प, आणि तोंडात जणू कोणी फांदी मोडली होती. आत्याही हसली, हसताना वारा दातांना लागला, तिने जबडा धरला, तरी हसतच राहिली. मग एकदम गंभीर झाली. माझ्याकडे पाहत होती, पण विचार दुसराच चालू होता.

“आनखी एक डाव,” ती म्हणाली. “कान बंद करून.”

बाबांना तिने सांगितले, “सावलीतलं मधात ओढ, उद्याचं ऊन घेऊ दे, परवा ने.” आवाज पहिल्यासारखा होता. बाबांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काही न विचारता फावडे उचलले. गिरणीतून तांदूळ आला तो अखंड, लांब, निळसर पांढरा. बाबांनी ओंजळभर घेऊन तिच्या समोर धरला आणि तेवढ्यावर विषय संपला.

मुख्यसेविका बाई आल्या तो दिवस बोडीवरच्या वाऱ्याचा होता. शाळेच्या ओसरीत चटया घातलेल्या, गावातली चिल्लीपिल्ली शेंबूड पुसून आणलेली. पाटलांच्या सुनेचा पाठ आधी झाला, आणि तो चांगला झाला, हे मी मोकळेपणाने लिहिते. तिने नवा ब्रश आणला होता, गोड गळ्याने एक गाणे म्हटले, वर-खाली कसे घासायचे ते दाखवले. मुले हाताची घडी घालून बसली होती. काही तर पेंगायला लागली होती.

मग आत्या उठली. तिच्या हातात सूप होते, सुपात फुटाणे. मागे तिने दोन तपेली ठेवली होती. एकातून वाफ येत होती.

“कानात बोटं घाला रे,” ती म्हणाली.

मुलांनी बोटे घातली. ती एकेकाच्या तोंडात एकेक फुटाणा ठेवत गेली. “आता चावा.”

ओसरीत बाहेरून फारसे काही ऐकू आले नाही. दिसले मात्र सारे. एकामागून एक डोळे मोठे झाले, भुवया वर गेल्या. एका लहानगीने घाबरून तोंड उघडले आणि फुटाणा तिच्या मांडीवर पडला. तिने तो पटकन उचलून पुन्हा तोंडात टाकला, कानात बोटे घातली. ती पाटलांच्या सुनेचीच मुलगी होती.

“कोन बोललं?” आत्याने विचारले.

“दात!” कोणीतरी ओरडले.

“काय बोलले?”

“कडाड्!”

मुख्यसेविका बाईंनी हळूच सुपातला एक फुटाणा घेतला. इकडेतिकडे पाहिले. मग त्यांनीही कानांत बोटे घातली. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते पाहून मागे उभ्या असलेल्या बायका तोंड दाबून हसू लागल्या.

त्यानंतर आत्याने कडुलिंबाची काडी चावून तिचा कुंचला केला, हिरडीकडून खाली, हळूहळू घासून दाखवले. मुले तोंडे वेंगाडून तशीच बोटे फिरवत होती. आणि चूळ भरण्याची वेळ आली. तिने वाफेचे तपेले बाजूला सारले आणि विहिरीचे पाणी घेतले. पाटलांची सून खरोखरच पुढे बसली होती.

“आता माह्याकडं पाहा,” आत्या म्हणाली, आणि तोंडभर पाणी घेतले.

तिने काहीच लपवले नाही. डोळे घट्ट मिटले, मान ताठ झाली, गळ्याची शीर उभी राहिली. चूळ तिने पूर्ण भरली, खळखळवली, ओसरीखाली टाकली.

“मले बोचलं,” ती म्हणाली. “काहून बोचलं, सांगू? मी माह्ये दात गुंडावानी घासले. चिंच लावली, राख लावली, खसाखसा घासले. गुंड पितळेचं आहे, थ्याले काही समजत नाही. दात जिता आहे. थ्याले समजते.” तिने मुलांच्या ओळीवरून नजर फिरवली. “आताच बोलला ना तुमच्यासंग? मंग थ्याले राखेनं खरडाचं का?”

“नाही!”

“इटकरीच्या भुग्यानं?”

“नाही!”

“तंबाखूनं?”

इथे मुलांनी आपापल्या आयांकडे पाहिले, आणि काही पदर ओठांवर गेले. मग एक मोठा, आनंदी “नाही!” उठला. शेजारच्या काकूने कमरेची डबी हळूच पाठीकडे सरकवली.

“गुडाखू सोडलीत?” बाईंनी विचारले.

“सोडली.”

“आणि दात इतके पांढरे...”

“आता सांगितलं ना, बाई, राखेनंच. चुकलंच थे. पन पांढरे झाले, हे खरं.”

ओसरी हसली, बाईही हसल्या. मग त्यांनी बोट दाखवून विचारले, “मग ते गरम पाणी कशाला आणलंत?”

“थे माह्यासाठी,” आत्या म्हणाली. “शिकवून झालं, आता कोमट पान्यानं धुतो.” आणि सर्वांसमोर तिने ते तपेले उचलले, सावकाश गुळणी केली. तिचा चेहरा सैल होत गेलेला मी पाहिला.

बाईंनी मुलांना घरी जायला सांगितले. ती जाईनात. कानात बोटे घालून, आ वासून, दुसऱ्या फुटाण्याची वाट पाहत बसून राहिली. पाटलांच्या सुनेने आपल्या मुलीला उचलायला हात पुढे केला, तर तीही आत्याच्या पातळाला धरून बसलेली. सून थोडी थबकली. मग आत्याकडे पाहून म्हणाली, “राहू द्या. हिले तुमच्याचकडं पाठवतो आता मी.” तिच्या आवाजात आंबटपणा असेल, पण शब्द तिने दिला.

“सोमवारपासून बसा,” मुख्यसेविका बाई आत्याला म्हणाल्या.

आत्याच्या दातांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. काही महिन्यांनी आईच्या माहेरी गेलो असता भंडाऱ्याच्या दातांच्या डॉक्टरांनी तिला दिव्याखाली पाहिले. दातावर काचेसारखे एक आवरण असते, ते म्हणाले. आंबटाने ते मऊ पडते, आणि मऊ पडले असताना राखेने खरवडले की निघून जाते. गेलेले परत येत नाही. मात्र कोमट पाणी, मऊ ब्रश आणि ठणक्यावरची एक पेस्ट यांनी दात शांत होतील. ती नळी आत्याने पेटीत, चांगल्या लुगड्यांमध्ये जपून ठेवली. ठणका हळूहळू ओसरला. दातांना पुन्हा एक सौम्य पिवळटपणा आला, जुन्या हस्तिदंतासारखा, आणि तिने त्याला तसेच राहू दिले. बालवाडीत मुले तोवर बेडकांसारखी तोंडे उघडून एकमेकांना दात दाखवत होती.

आता माझी भाची लग्नाआधी दात पांढरे करण्याची जेल लावते, साच्यात भरून, आरशासमोर, घड्याळ लावून. झिणझिण्या आल्या की मला फोन करते. मी तिला दंतवैद्याकडे जायला सांगते, लिंबू-सोड्याचे घरगुती प्रयोग करू नकोस असे बजावते, आणि काही दिवस थंड पाण्यापासून दूर राहायला सांगते. तिला हसू येते, की कविता शिकवणाऱ्या बाईंना हे कुठून ठाऊक. मला ठाऊक आहे. मी आरसा धरून उभी होते.

खळ्यावरचे काम त्यानंतर माझ्या दातांनी आणि आत्याच्या कानांनी मिळून केले. मी शिकायला नागपूरला गेले तेव्हा तिने बालवाडीतून मोठ्या झालेल्या मुलींना हाताशी धरले. धान पसरले की ती त्यांच्यातल्या एकीला बोलावी, दाणा देई, आणि वाकून गालाला कान लावी.

त्याच काळातला अड्याळचा एक बाजाराचा दिवस मला आठवतो. सुट्टीत घरी आले होते. कासाराच्या दुकानात आत्या बांगड्या भरत होती. नव्याने आलेली ती कासारीण तिचा हात दाबून मऊ करत गप्पा मारत होती.

“बाई, काय करता वो तुमी?”

वारा होता. बांगड्यांवर ऊन होते. आत्याने पदराला हात लावला नाही.

“लेकराईले चावाले शिकवतो,” ती म्हणाली, आणि सगळे दात दाखवून हसली.